माय आणि पाळण्याची साखळी

माझी माय विजेला भ्यायची. आभाळातल्या नव्हे, भिंतीतल्या. आभाळात कडकडाट झाला तर ती वाळवणं आवरायला सरळ अंगणात पळायची. ती वीज दिसते, ओरडते आणि आली तशी निघून जाते. भिंतीतली मात्र दबा धरून बसलेली असते, असं तिचं म्हणणं. आम्ही सगळे तिला हसायचो. हसण्यासारखं होतंच ते. दिवा लावायचा तर आधी पाय पुसायचे, मग वहाणा घालायच्या, मग बोटाला पदर गुंडाळायचा आणि तोंड दुसरीकडे फिरवून बटन दाबायचं. दिवा लागला की छातीवर हात ठेवून एक मोठा श्वास. दररोज दिवेलागणीला हा सोहळा व्हायचा आणि आमची त्यात करमणूक व्हायची.

दुर्गाबाई तिचं नाव. तेल्हाऱ्याच्या बाजूचं एक खेडं तिचं माहेर, तिथे कंदिलाच्या उजेडात ती वाढली. लग्न होऊन अकोल्याला आली तेव्हा रस्त्यावर विजेचे खांब होते, आमच्या घरात मात्र दिवे नव्हते. मी तिच्या पोटात असताना एकदा ती बाजारातून येत होती. रस्त्यात पाणी साचलेलं. खांबाला ताण म्हणून जी जाड तार जमिनीत पुरलेली असते, तिला एका गाडीचा बैल अंग घासायला गेला आणि उभ्या जागी खाली बसला. आवाज नाही, रक्त नाही. गाडीवान त्याला ओढायला धावला तर तोही आडवा झाला. गाडीवान पुढे शुद्धीवर आला, बैल काही उठला नाही. ही हकीकत माय कितीदा तरी सांगायची आणि दर वेळी सांगताना तिचे हात थंड पडायचे. म्हणजे तिची ही भीती माझ्या आधीपासून घरात होती. मीच मागून आले.

आणि अशा बाईच्या नशिबी नवरा कोण यावा? खुशालराव, माझे बाबा. एका जिनिंग फॅक्टरीत ते हजेरी कारकून होते, पण जीव सगळा तिथल्या भंगारात. घरी येताना त्यांच्या पिशवीत भाजी कमी आणि तारा जास्त. घरात दिवे आले तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं. प्रत्येक खोलीत छताला एक दिवा, एवढंच कनेक्शन होतं. प्लग म्हणून कुठेही नव्हता. बाबांनी दोन तोंडांचा होल्डर आणला. तो दिव्याच्या होल्डरमध्ये बसवायचा, म्हणजे एका तोंडाला दिवा आणि दुसऱ्याला रेडिओ. पुढे त्या दुसऱ्या तोंडात आणखी एक दोन तोंडांचा होल्डर आला. त्यातून इस्त्री, टेबलफॅन, जे मिळेल ते. छतापासून खाली तारा लोंबायच्या आणि माय त्यांच्याखालून मान वाकवून जायची, जणू वर गांधीलमाश्यांचं पोळं आहे.

"अवो, एका तोंडानं किती जनाले खाऊ घालान?" ती विचारायची.

"तुले काय समजते त्यातलं? तू चूल पाह्य," बाबा म्हणायचे, आणि हसायचे. वाईट हसणं नव्हतं ते. पण हसणंच होतं.

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. माझं सासर अमरावतीचं. मुलगा झाला. मे महिना, अकोल्याचा मे महिना, त्यात डाबकी रोडवरचं आमचं टिनाचं घर. वर टिनं तापलेली, खाली शेक-शेगडी, दार-खिडकी वाऱ्याला बंद, धुरीचा वास. मला वाटायचं, मी बाळंतीण नाही, भट्टीतली वीट आहे. बाळाच्या अंगभर घामोळं उठलं. मग ते दूध ओढेनासं झालं. हाक मारली तरी डोळे उघडायचं नाही, नुसतं पडून राहायचं. डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले, या पोराला उन्हाची बाधा होते आहे, खोली थंड ठेवा, नाहीतर माझ्या हातात काही नाही. ते गेल्यावर माय देवापुढे बसली आणि मी भिंतीकडे तोंड करून रडले. इतकी भ्याले होते मी की रडण्याचा आवाजसुद्धा काढवत नव्हता.

बाबा रडले नाहीत. ते जिनात गेले आणि पत्रा घेऊन आले.

त्या सुमारास अकोल्यात मोठ्या लोकांच्या बंगल्यांवर कूलर दिसू लागले होते. बाबांनी एक कुठेतरी आतून पाहिला होता, तेवढं त्यांना पुरे होतं. पत्र्याची पेटी ठोकली, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावल्या, आत भंगारातला पंखा बसवला आणि तळातलं पाणी वर चढवून ताट्यांवर सोडायला एक लहानशी मोटर. पेटी जड झाली. खिडकीच्या गजांनी ती पेलेना, म्हणून बाबांनी ती जाड तारेने वर टांगली. टांगली कशाला, तर छताच्या लोखंडी अँगलला. त्याच अँगलला दोन साखळ्यांनी बाळाचा पाळणा टांगला होता. तोही लोखंडी पट्ट्यांचा, चांगला जुना, मी त्याच पाळण्यात वाढलेली.

पंख्याला आणि मोटरीला प्रत्येकी तीन तारा होत्या. दिव्याच्या होल्डरला मात्र दोनच जागा. तिसरी, हिरवी तार कुठे लावायची याचा बाबांनी थोडा विचार केला, आणि मग दोन्हीकडच्या हिरव्या तारा कापून टाकल्या. "हे रिकामी तार हाय, हिच्यात काहीच नसते," ते म्हणाले. उरलेल्या तारा पिळून, चिकटपट्टी गुंडाळून, होल्डरातल्या होल्डरात बसवल्या. एका दिव्याच्या जागी आता दिवा, रेडिओ, पंखा आणि मोटर.

बटन दाबलं. घरघर झाली, पाणी ठिबकू लागलं, आणि वाळ्याचा तो गार, ओला वास खोलीत भरला. घटकाभरात बाळाने तोंड हलवलं. मग ते दूध प्यायलं, पोटभर. बाबांकडे पाहून मी हात जोडले, आणि मायनेसुद्धा. तिने त्या पेटीलाही हळद-कुंकू वाहिलं, पण लांबून, अक्षता टाकतात तसं.

दोन-चार दिवस सुखाचे गेले. एका दुपारी मायने गारव्यासाठी खोलीत पाणी शिंपडलं आणि ओल्या पायांनी पाळण्याशी आली. झोका द्यायला साखळी धरली, आणि हात झटकून मागे सरली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"पाळना चावला मले," ती म्हणाली.

बाबा ओसरीवरून आले. पायात चामडी वहाणा. सरळ जाऊन त्यांनी साखळी मुठीत धरली. "कुठी हाय? अवं, करंट काय इच्चू हाय काय चावाले? हे पाह्य, धरली म्या. धर आता तू."

तोवर मेच्या हवेने जमीन सुकली होती, आणि माय भीतीने पाळण्यालगतच्या पोत्यावर जाऊन उभी राहिली होती. बाबांनी तिचा हात ओढून साखळीला लावला. काही झालं नाही.

"हाय काय काई?"

"नाही," माय म्हणाली. बाबा हसले. मीही हसले, कारण मला हसायचं होतं. त्या पाळण्यात काही नाही हे मला हवं होतं.

त्या दिवसापासून मायने बाळाला पाळण्यात ठेवणं सोडलं. नुसती पोतं टाकून कूलरच्या वाऱ्यात बसायची आणि बाळाला मांडीवर घ्यायची. बाळ झोपलं की मी म्हणायची, ठेव आता पाळण्यात. ती म्हणायची, ठेवते. ठेवायची नाही. पाय आखडायचे, पाठ धरायची, घाम गळायचा, पण मांडी हलायची नाही. माझा पारा चढायचा. "माय, तू लेकराले मांडीची सवय लावून राहिली. मी अमरावतीले गेल्यावर कोन बसन दिवसभर?" ती बाळाचा घाम पुसायची. एकदा मी डोळे मिटून पडले होते, तिला वाटलं मी झोपले. ती उठली, लोट्यातलं पाणी स्वतःच्या पायांवर ओतलं, आणि उलट्या बोटाने साखळीला हळूच शिवली. शिवली आणि थरथरली. मग तिथेच खाली बसून तोंडात पदर कोंबून रडली.

मी ते पाहिलं. संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी तारेवर आणखी एक चिकटपट्टी गुंडाळली. वरच्या होल्डरला हात लावला तर तो भाजण्याइतका तापला होता आणि खोलीत काहीतरी करपल्यासारखा वास होता. "नवा होल्डर हाय, येतेच वास," बाबा म्हणाले.

तुम्ही म्हणाल, कूलर बंद का नाही केला? केला होता. मायनेच एकदा गुपचूप बटन बंद केलं. थोड्या वेळात बाळ पुन्हा लाल झालं, मान टाकली, आणि मी आरडाओरडा केला तेव्हा तिनेच पदर गुंडाळलेल्या बोटाने बटन पुन्हा दाबलं. वारा बंद केला तर ऊन लेकराला खाणार, चालू ठेवला तर ती वर लोंबणारी तार. या दोन्हींच्या मध्ये तिची मांडी, एवढीच जागा उरली होती. तिचं जेवण तुटलं. बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि वर अँगलकडे बघत राहायची. मलाही मग बघावंसं वाटायचं.

आणि बारसं आलं.

अमरावतीहून माझ्या सासूबाई पार्बताबाई आल्या, बरोबर चार बायका. शेजारच्या चतुराबाईंनी सकाळीच, जमीन कोरडी असताना, पाळणा फुलांनी सजवला होता. बाबांनी कूलरमध्ये काठोकाठ पाणी भरलं होतं. व्याह्यांच्या माणसांना गार वारा लागला पाहिजे ना! दारात पाण्याची बादली होती. भर उन्हातून आलेली प्रत्येक बाई पाय धुऊन तशीच ओल्या पावलांनी आत येत होती. शेणाने सारवलेली जमीन सगळी ओली झाली. माय दारात उभी राहून त्या ओल्या पावलांकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते.

बारशाची रीत अशी की पाळण्याच्या दोन्ही अंगांना दोन बायका उभ्या राहतात. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत एकीने बाळ पाळण्याखालून द्यायचं, दुसरीने वरून परत करायचं, आणि शेवटी आत निजवून नाव कानात सांगायचं. एका बाजूला पार्बताबाई उभ्या राहिल्या. दुसरी बाजू मायची. बाळ तिच्याच हातात होतं.

"माय, ये नं," मी म्हटलं.

ती आली नाही. "पाळना नोको," ती म्हणाली. "साडीची झोळी बांधू. झोळीत नाव ठेवू."

पार्बताबाईंचा चेहरा उतरला. "काहून? आमच्या नातवाले झोळी काहून? एवढा सजवला पाळना, आन् लेकरू झोळीत? वंगाळ दिसते ते, विहीनबाई."

"कौशीची माय," बाबा माझ्या नावाने मायला हाक मारत दारातून म्हणाले. आवाज खाली होता पण धार होती त्याला. "आता पुरे झालं. लोकं आले घरात."

"पाळन्यात करंट हाय."

कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबांचं तोंड लाल झालं. "कौशीसमोर धरून दाखवला तुले म्या. लाज नोको आनू."

मायने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. शेवटी माझ्याकडे. तिचे डोळे मी विसरलेले नाही. खाटकाच्या दारातल्या शेळीचे असतात तसे होते. ती माझ्याजवळ आली आणि बाळ माझ्या ओटीत ठेवलं. "खाटेवर बस. पाय वर घे. उतरू नोको," ती म्हणाली. मी पाय वर घेतले.

मग जी बाई दिव्याच्या बटनाला पदराशिवाय बोट लावत नव्हती, ती ओल्या जमिनीवरून अनवाणी चालत पाळण्याशी गेली आणि तिने उजव्या मुठीत साखळी घट्ट धरली.

ती किंचाळली नाही. किंचाळता आलंच नाही. मान मागे गेली, जबडा आवळला, डोळे वर चढले, आणि सगळं अंग थरथरायला लागलं. बांगड्या एकमेकींवर वाजत होत्या. अंबाडा सुटून केस मोकळे झाले. पाळण्यावरची फुलं खाली गळत होती. मूठ सुटत नव्हती.

आणि बायकांनी हात जोडले.

त्यांना वाटलं, अंगात आलं. त्यांचाही काय दोष? केस मोकळे, डोळे फिरलेले, अंग घुमतं आहे. अंगात येतं ते असंच दिसतं. चतुराबाई कुंकवाचा करंडा घेऊन धावल्या. "आई आली व माय, आई आली! पाळन्याचा मान मांगून राहिली!" एकीने हळद उचलली. पार्बताबाई, माझ्या सासूबाई, डोक्यावर पदर घेऊन, ओल्या जमिनीवर गुडघे टेकून मायच्या पायांवर डोकं ठेवायला वाकल्या.

"हात लावू नका!" मी ओरडले. इतकी जोरात की बाळ दचकून रडू लागलं. "शिवू नका कोनी तिले! करंट हाय! बाबा, बटन!"

बाबा दारातून आत आले होते आणि मायला ओढायला दोन्ही हात पुढे केले होते. माझी ओरड ऐकून ते जागीच थिजले. मी माझ्या बापाला कधी भ्यालेलं पाहिलं नव्हतं. त्या क्षणी पाहिलं. हात तसेच पुढे, तोंड उघडं, नजर वर अँगलवर, तिथून टांगलेल्या पेटीवर, पेटीच्या तारांवर. सगळं त्यांना एकदम दिसलं असावं. मग ते वळले, बायकांना ढकलत भिंतीशी पोचले आणि बटन पाडलं.

पंखा घरघरत मंद झाला. मायची मूठ सुटली आणि ती पोत्यासारखी खाली कोसळली. श्वास चालू होता. ते कळायला लागला तेवढा वेळ मी पुन्हा कधी जगू नये.

डॉक्टर आले. मायच्या तळहातावर साखळीच्या कड्या भाजून उमटल्या होत्या, एकीला एक जोडून. संध्याकाळी वीज कंपनीचा वायरमन आला. त्याने होल्डर काढला तर आतला भाग वितळून काळा झाला होता. पंख्याच्या जोडावरची चिकटपट्टी पाण्याने सुटली होती आणि उघडी तार पत्र्याला टेकली होती. करंट पेटीतून टांगायच्या तारेत, तारेतून अँगलात, अँगलातून पाळण्यात. ज्या हिरव्या तारेतून हा करंट जमिनीत जायचा, ती बाबांनी कापली होती. वायरमन रागावला नाही, त्याने फक्त सांगितलं: दिव्याच्या होल्डरवर दिवाच. अशा मोटरींना वेगळी जाड वायर, तीन पिनांचा प्लग आणि अंगणात मीठ-कोळसा घालून पुरलेली अर्थिंगची पट्टी. आणि पेटी लोखंडाला टांगायची नाही, लाकडी घोडीवर ठेवायची. तो एकेक सांगत होता आणि बाबा मान खाली घालून "हो साहेब" म्हणत होते, कारकून साहेबासमोर म्हणतो तसं.

दुसऱ्या दिवसापासून ते काम होईपर्यंत बाळाला चतुराबाईंच्या जाड भिंतींच्या घरात ठेवलं. बारसंही तिथेच झालं. पार्बताबाईंनी आपली नवी, घडी न मोडलेली साडी काढली आणि स्वतःच्या हाताने झोळी बांधली. मुलाचं नाव सुधाकर ठेवलं. माय उठू शकत नव्हती. तिच्या खाटेपाशी नेऊन आम्ही तिच्याकडून बाळाच्या कानात नाव सांगवून घेतलं.

लोकांना वाटतं, अशा प्रसंगानंतर माणूस धीट होतं. माय झाली नाही. उलट पुढे इस्त्रीकडेही ती तोंड वळवूनच जायची, आणि पंख्याखाली कधी निवांत झोपली नाही. ती गेली तेव्हाही तिच्या खाटेजवळ कंदील होता. पण घरात वायरमन आला की बाबा तिला हाक मारून बोलवायचे, आणि ती दाराआडून सगळं पाहून हो म्हणेपर्यंत काम पुरं झालं असं मानायचे नाहीत.

त्या संध्याकाळचं मात्र सांगायचं राहिलं. वायरमन गेला. बायका पांगल्या. कूलर बंद, दिवा बंद, खोलीत कंदील, बाळ माझ्या मांडीवर आणि मी त्याला ओल्या फडक्याने वारा घालते आहे. माय खाटेवर, हाताला पट्टी, आणि आता कुठे तिला भीतीने हुडहुडी भरली होती. सारखी विचारायची, पोरगं हालते ना? श्वास घेते ना? मी हो म्हणायची, ती पुन्हा विचारायची. बाबा पायथ्याशी बसले होते.

"तुले मालूम होतं साखळीत करंट हाय," ते शेवटी म्हणाले. "मंग धरली काहून? मरून गेली असती तू."

माय त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती बाळाकडे बघत होती.

"मेली असती, तं तुमी मानलं असतं," ती म्हणाली.

बाबांनी तिचा पट्टी बांधलेला हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि तसेच बसून राहिले. आमच्या देखत त्यांनी तिचा हात कधी धरला नव्हता.